२००० एडीचा कित्ता: आठ पानं झाली, चार राहिली

आठवं पान काल रात्री पुरं झालं. शाई पुरती वाळायची आहे म्हणून ते कपाटावर आडवं ठेवलंय, आणि तेवढ्यात ही नोंद लिहायला बसलोय.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आपल्या बैठकीत तो नेहमीचा वाद पुन्हा निघाला होता. '२००० एडी' या ब्रिटिश कॉमिक साप्ताहिकात आजवर छापलेलं सर्वांत देखणं चित्रकाम कुणाचं? मी क्षणभरही न थांबता ब्रायन बोलंडचं नाव घेतलं. एकाने मिक मॅकमहॉन म्हटलं, एकीने इयन गिब्सन. सायमन बिस्लीच्या 'हॉर्न्ड गॉड' या चित्रकथेची बाजू तर तिघांनी लावून धरली. छापखान्यात उभा जन्म काढलेले आपले काका शेवटी म्हणाले, "तुम्ही सगळे बघून बोलताय. एकदा हाताने काढा, मग बोला."

ते डोक्यात बसलं. बारा पानं हुबेहूब काढायची ठरवली. ए-थ्री कागद, आधी पेन्सिल, मग शाई. ट्रेसिंग नाही, प्रोजेक्टर नाही. शाळेत कित्ता गिरवायचो तसंच, फक्त वळण दुसऱ्याच्या हाताचं. बहुतेक पानं 'केस फाइल्स' या संग्रहमालेच्या पाचव्या खंडातून घेतली, कारण त्या एका पुस्तकात प्रॉग (म्हणजे अंक) २०८ ते २७० मधला सगळा जज ड्रेड, तो भविष्यातला पोलीस-न्यायाधीश, आहे: 'जज डेथ लिव्ह्ज', 'ब्लॉक मेनिया' आणि 'अपॉकॅलिप्स वॉर'. एवढी मेजवानी एका पुठ्ठ्यात दुसरीकडे कुठे मिळेल असं वाटत नाही. एक अडचण मात्र आहे. मूळ अंकात मधली जोडपानं रंगीत असत, ती या खंडात राखाडी छापली आहेत. त्यामुळे काळं कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो हे तिथे अंदाजानेच ठरवावं लागतं.

पहिलं पान बोलंडचं. ते कुठलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. १९८१, 'जज डेथ लिव्ह्ज'. जज फिअर हा खलनायक आपलं शिरस्त्राण उघडून समोरच्याला भीतीने ठार करणार असतो, आणि ड्रेड त्याच्या तोंडात ठोसा घालतो तो थेट कवटीच्या मागून बाहेर येतो. या चौकटीला तीन आठवडे लागले. एका पानाला तीन आठवडे!

ते का लागले, हे सांगायला हवं. बोलंडची रेघ जाड सुरू होते आणि केसासारखी बारीक होत विरते. एका गालावर अशा पंधरा-वीस रेघा शेजारी शेजारी, आणि एकही दुसरीला चिकटत नाही. टाकाने करून पाहिलं, जमलं नाही. शून्य नंबरच्या ब्रशने जमलं, पण तेही श्वास रोखून, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन तास बसून. हातमोज्यावरच्या सुरकुत्या, फुटून उडालेले तुकडे, मागच्या भिंतीवरचा उजेड, सगळं जिथल्या तिथे. चुकलं तर पांढरा रंग लावून पुन्हा करता येतं, आणि कष्ट केले की चित्र मुळाच्या जवळ जातं. बोलंड मेहनतीला दाद देतो. पान पुरं झालं तेव्हा मला वाटलं, वाद मिटला.

पण त्याच वेळी एक हिशेब मनात सुरू झाला. 'जज डेथ लिव्ह्ज' पाच भागांची कथा. बोलंडने ड्रेड काढला तो असा अधूनमधून, आणि आपण ज्या मोठ्या कथा त्याच्या नावाने आठवतो त्यांतल्या कितीतरी त्याने इतरांबरोबर वाटून घेतल्या: 'कर्स्ड अर्थ' मॅकमहॉनबरोबर, 'जज चाइल्ड' मॅकमहॉन आणि रॉन स्मिथबरोबर. इतक्या बारकाईने काढणाऱ्याला आठवड्याचं चक्र पेलणारच नाही. पुढे त्याने अमेरिकेसाठी बारा अंकांचं 'कॅमेलॉट ३०००' काढलं, त्याचेही शेवटचे अंक कित्येक महिने रखडले. मी त्याला दोष देत नाही. तीन आठवडे एका चौकटीवर घालवल्यावर मला त्याची बाजू आतून कळली.

दुसरं पान मॅकमहॉनचं, 'ब्लॉक मेनिया'च्या सुरुवातीचं. इथे बारीक छटा नाहीतच. जाड बाह्यरेषा, काळ्याचे सपाट डोह, आणि ते बूट. त्याच्या ड्रेडचे बूट आणि गुडघ्यावरची कवचं धडापेक्षा वजनदार वाटतात, त्यामुळे तो माणूस जमिनीत रोवल्यासारखा उभा राहतो. रेघा मोजल्या तर बोलंडच्या एका गालापेक्षाही कमी. मला वाटलं, दोन संध्याकाळी पुरतील.

पहिल्या प्रयत्नात प्रत्येक रेघ बरोबर आली आणि चित्र मेलेलं निघालं. दुसऱ्यांदा काढलं, तेच. तिसऱ्यांदा रेघांकडे न बघता त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागा काढल्या: हात आणि कमरपट्टा यांच्यातला त्रिकोण, दोन बुटांमधली फट. तेव्हा कुठे माणूस उभा राहिला. मॅकमहॉनच्या चित्रात एक जागा अर्ध्या सेंटिमीटरने हलली तरी सगळं कोसळतं, आणि ते मेहनतीने दुरुस्त होत नाही. पुन्हा कोरा कागद घ्यावा लागतो. या पानाने मला जेवढं शिकवलं तेवढं तीन आठवड्यांच्या बोलंडनेही शिकवलं नव्हतं.

तिसरंही त्याचंच, पण 'स्लॉन्या' या दुसऱ्या कथेतलं. ही कथा १९८३मध्ये अँजेला किन्केडच्या चित्रांनी सुरू झाली, मग बेलार्दिनेल्ली आला आणि मग मॅकमहॉन. दोनच वर्षांपूर्वी सपाट काळ्यात काम करणारा हाच माणूस इथे सगळं अंग खरवडलेल्या रेघांनी भरतो. गवत, चामडं, केस, पाऊस, सगळं एकाच तऱ्हेच्या ओरखड्यांतून. त्याने कशाने काढलं असेल ते असो. मला ती रेघ सापडली ती बोरूत. आजोबांच्या पेटीत त्यांचे तासलेले दोन बोरू होते, पोथी लिहायचे. त्यातल्या एकाचं टोक थोडं झिजलेलं आहे. शाई अर्धी वाळत आली की त्यातून बरोबर तसा कोरडा, तुटक ओरखडा उमटतो. चार संध्याकाळी अक्षरशः रंगून गेलो होतो. घरात बोरू असेल तर तुम्हीही करून बघाच.

आता कार्लोस एस्केरा. खरं सांगायचं तर तो माझ्या यादीत नव्हताच. ड्रेडचा पोशाख त्याचा, ड्रेडच्या शहराचं, मेगा-सिटीचं, पहिलं दर्शन त्याचं, उजव्या खांद्यावरचा गरुड त्याचा. झारागोझात १९४७मध्ये जन्मलेला हा माणूस फ्रँकोच्या स्पेनमध्ये मोठा झाला होता, तेव्हा गणवेश आणि गरुड माणसाच्या मनात काय करतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हे सगळं मान्य करूनही मी त्याला 'जनक' म्हणून नमस्कार करायचो आणि पुढे जायचो. जनक म्हणूनही त्याच्या वाट्याला आलं ते काय? मार्च १९७७मध्ये प्रॉग २मध्ये ड्रेड पहिल्यांदा छापून आला तो मॅकमहॉनच्या हातचा.

काकांनी एस्केरा घ्यायला लावला. फोर्टच्या फुटपाथवर मला १९८२चा एक मूळ अंक मिळाला होता, 'अपॉकॅलिप्स वॉर'च्या दिवसांतला. पिवळा पडलेला, कडेने तुकडे पडणारा. तो मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी चित्र बघितलंच नाही. कागद दोन बोटांत चोळला, उजेडाकडे धरला, मागच्या पानाची छपाई पुढे किती दिसते ते पाहिलं. मग भिंग लावलं आणि म्हणाले, "अरे, हा माणूस कागद ओळखून काढतोय."

न्यूजप्रिंटवर शाई पसरते. दोन बारीक रेघा जवळ आल्या की मधली पांढरी फट बुजते, आणि राखाडी दिसायला हवं तिथे काळा डाग पडतो. एस्केराच्या आकृत्यांभोवती ती करवतीच्या दात्यांसारखी तुटक, जाड कडा असते ना, जिच्यावरून तो लांबून ओळखू येतो, तिच्याकडे बोट ठेवून काका म्हणाले, "ही कड कितीही वाईट छापली तरी मरणार नाही. मागचं चित्र बुजेल, पण माणूस बुजणार नाही." मी इतकी वर्षं त्या कडेला त्याची सवय समजत होतो.

मग मी ऑफिसातून आठवडाभराची रजा काढली. 'अपॉकॅलिप्स वॉर'मधला एक अख्खा भाग बुधवार ते बुधवार काढायचा, असं ठरवून. रोज दहा-दहा तास बसलो. चार पानं झाली आणि आठवडा संपला. मनगट सुजलं, शेवटच्या पानावरचे रणगाडे घाईत गेले, ते दिसतंय. आणि मी तर फक्त नक्कल करत होतो! रचना आयती होती, रणगाडे आयते, गर्दीतले चेहरे आयते. त्याच्यापुढे असायची ती जॉन वॅग्नर आणि अ‍ॅलन ग्रँट यांची नुसती टंकलिखित संहिता.

त्याने असे २५ भाग काढले. प्रॉग २४५ ते २७०, मध्ये फक्त २६८चा खंड. जानेवारी ते जून १९८२, एकट्याने. आणि ही काही साधी कथा नाही. निम्मं मेगा-सिटी वन त्यात नष्ट होतं, आणि शेवटी ड्रेड स्वतः क्षेपणास्त्रं सोडून शत्रूचं शहर ईस्ट-मेग वन पुसून टाकतो. तो प्रसंग तुम्ही पुन्हा उघडून बघा. एस्केरा तिथे काहीही सजवत नाही. जबडा, हेल्मेटची कड, आणि मग स्फोट. बोलंडने ती चौकट अविस्मरणीय केली असती, यात शंका नाही. पण तिच्या आधीचे सहा महिने त्याला काढता आले नसते, आणि ते सहा महिने पाठीशी नसते तर त्या क्षणाला एवढं वजन आलं नसतं.

म्हणून माझं मत आता बदललंय, आणि ते पुढच्या बैठकीत तोंडावर सांगणार आहे. साप्ताहिकातलं चित्र फ्रेममध्ये लावून तोलायचं नाही. पुढच्या शनिवारी वाचकाच्या हातात काय पडायचं, कुठल्या कागदावर पडायचं, आणि त्यानंतरच्या शनिवारी काय, हे सगळं त्या चित्राचा भाग आहे. त्या मापाने 'अपॉकॅलिप्स वॉर' हे '२००० एडी'मधलं सर्वांत मोठं चित्रकाम आहे. एकच पान निवडायचं झालं तर अजूनही मॅकमहॉन. चौकट म्हणाल तर बोलंड.

आठवं पान केव्हिन ओ'नीलचं, 'नेमेसिस' या कथेतला खलनायक टॉर्कमाडा. काटे, हाडं, नळ्या, मुखवट्यात मुखवटा. दोन आठवडे लागले, तरी इथे थोडक्यात आवरतो, कारण त्याच्यावर स्वतंत्र नोंद लिहायची आहे. एवढं मात्र सांगतो: त्याचा एकही कोन गोल करून बघा, सगळा विखार निघून जातो. अमेरिकेतल्या कॉमिक्स कोडवाल्यांना, म्हणजे कॉमिक्स तपासणाऱ्या मंडळाला, त्याच्या एखाद्या चौकटीवर नव्हे, तर अख्ख्या शैलीवरच आक्षेप होता. ते मला आता हाताने पटलंय. आणि आज आपण ही सगळी नावं घेऊन भांडू शकतो, यातही त्याचा वाटा आहे. ब्रिटिश साप्ताहिकांत चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. कला विभागात काम करताना त्याने ती श्रेयाची चौकट अंकात घुसवली. २०२२च्या नोव्हेंबरात तो गेला. एस्केरा २०१८मध्ये, गिब्सन २०२३मध्ये.

उरलेली चार: गिब्सनची हेलो जोन्स (प्रत मैत्रिणीकडून रविवारी मिळतेय), बेलार्दिनेल्ली, डेव्ह गिबन्सचा 'रोग ट्रूपर', आणि सगळ्यात शेवटी बिस्ली, कारण त्यासाठी रंग काढावे लागतील आणि माझा हात तिथे अजून तयार नाही. बेलार्दिनेल्लीचं कुठलं पान घ्यावं यावर सल्ला हवा आहे. 'मेल्टडाउन मॅन'मधलं घ्यावं की 'एस ट्रकिंग'मधलं? मला पहिल्यातले प्राणी-माणसांचे चेहरे खुणावतायत.

आणि एक बातमी. काकांच्या ओळखीच्या एका छापखान्यात न्यूजप्रिंटचं अर्धं रीळ पडून आहे. माझं बोलंडचं पान आणि एस्केराचं एक पान (बारांतलं पाचवं), दोन्ही मूळ अंकाच्या आकाराला लहान करून त्यावर छापायचं ठरलंय, एकाच शाईत, एकाच वेळी. स्कॅन करून काल पाठवली. बोलंडच्या गालावरच्या त्या पंधरा-वीस रेघांतल्या किती उरतात ते मोजायला काका स्वतःचं भिंग घेऊन येणार आहेत.