प्रीसीडची चाचणी कोऱ्या डिस्कवर करू नका

आपोआप होणारं इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं, तेव्हा ते एरर देत नाही आणि बंदही पडत नाही. नुसतं थांबतं. मशीन चालू असतं, पंखा फिरत असतो, पिंगला उत्तर येत असतं. आत मात्र निळ्या पडद्यावर 'हो की नाही' असा एक प्रश्न उघडा पडलेला असतो आणि त्याचं उत्तर द्यायला तिथे कोणीच नसतं. या एका प्रकाराने माझं इतकं डोकं खाल्लंय की हे लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

काम सरळ होतं. बरीचशी जुनी, वापरातली मशीन्स होती. त्यांच्यावर नेटवर्कवरून बूट करून डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं होतं, आणि कीबोर्डला कोणी हात लावायचा नव्हता. त्यासाठी प्रीसीड फाइल, म्हणजे इन्स्टॉलर जे जे विचारणार त्याची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं. फाइल लिहिण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडबरोबर नमुना फाइल मिळते, तीच घ्यावी आणि आपल्याला हवं ते बदलावं. शून्यापासून लिहायच्या भानगडीत पडू नये.

फाइल तयार झाली की पहिली तपासणी 'डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स' या कमांडला 'सी' पर्याय देऊन करावी. क्षणात होते, जरूर करा, पण तिच्यावर विसंबू नका. ती फक्त ओळींची मांडणी बघते. दिलेलं उत्तर बरोबर आहे का, त्या नावाचा प्रश्न इन्स्टॉलरमध्ये आहे तरी का, हे तिला कळत नाही. एक बारकावा सांगतो: प्रश्नाचा प्रकार आणि त्याचं उत्तर यांच्यामध्ये एकच स्पेस किंवा एकच टॅब हवा. फाइल देखणी दिसावी म्हणून कोणी रकाने जुळवले, तर जास्तीच्या स्पेस उत्तराचाच भाग धरल्या जातात.

पुढे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने भासवलेला संगणक. ते भासवणारं क्यूईएमयू, नवी कोरी डिस्क, यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत; जुनी ती बायोस) साठी ओव्हीएमएफ फर्मवेअर. सगळं सुरळीत पार पडलं, लॉगिन प्रॉम्प्ट आला. इथे बहुतेक लोक 'टेस्ट झाली' म्हणून मोकळे होतात, आणि माझा सगळा आक्षेप इथेच आहे.

तीच फाइल खऱ्या मशीनला दिली आणि इन्स्टॉलेशन थांबलं. नेटवर्क मिळालं होतं. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रीसीड फाइल उचलल्याची नोंद होती, इन्स्टॉलरचे पुढचे भागही डाउनलोड झाले होते. त्यानंतर शांतता. मशीन रॅकमध्ये, स्क्रीन नाही. बूटच्या ओळीत (सुरू होताना इन्स्टॉलरला दिलेल्या पर्यायांच्या ओळीत) सिरियल कन्सोल, म्हणजे स्क्रीनऐवजी तारेवरून मजकूर दाखवणारी सोय, जोडून पुन्हा चालवायचं, म्हणजे पुन्हा तेच फर्मवेअर, तीच मेमरी तपासणी, तेच डाउनलोड. सर्व्हरची मशीन्स सुरू व्हायलाच किती वेळ घेतात हे ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे. एका ओळीचा बदल करायचा आणि तो लागू पडला का हे कळायला ताटकळत बसायचं.

शेवटी प्रश्न दिसला. इन्स्टॉलर म्हणत होता, की हे मशीन यूईएफआय पद्धतीने सुरू झालंय, पण डिस्कवर बायोस पद्धतीने टाकलेली जुनी सिस्टीम असावी असं दिसतंय. तरीही यूईएफआय इन्स्टॉलेशनच करायचं का?

प्रश्न रास्त आहे. जुनी सिस्टीम ठेवून शेजारी नवी टाकणाऱ्याला हा इशारा मिळायलाच हवा, नाहीतर जुनी सिस्टीम पुन्हा सुरू करणं अवघड होऊन बसेल. पण मला सगळी डिस्क पुसायचीच होती, आणि तसं फाइलमध्ये लिहिलेलंही होतं. पार्टिशनचा भाग मात्र त्या उत्तरापर्यंत पोचायच्या आधीच हे विचारतो. नमुना फाइलमध्ये याचं उत्तर आहे, 'पार्टमन-ईएफआय' खालचं 'नॉन-ईएफआय-सिस्टम', पण ती ओळ कॉमेंट करून ठेवलेली आहे. तिच्यापुढचं चिन्ह काढून ट्रू करायचं. डिस्क खरोखर पुसायची असेल तरच.

'प्रायॉरिटी क्रिटिकल दिलं की काही विचारत नाही' असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. अर्धवट माहिती आहे ही. त्याने कमी महत्त्वाचे प्रश्न गप्प होतात. ज्यांच्या चुकीच्या उत्तराने सिस्टीम मोडू शकते, ते प्रश्न याच पातळीचे असतात आणि ते येतातच.

ते उत्तर भरलं तर पुढच्या खोलीत दुसरा पहारेकरी. त्या डिस्कवर जुनं एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) होतं, ते काढू का म्हणून विचारणा. काही मशीन्सवर जुन्या सॉफ्टवेअर रेडचे (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या व्यवस्थेचे) अवशेष, त्याची विचारणा वेगळी. एलव्हीएम काढण्याचं उत्तर वेगळं, रेड काढण्याचं वेगळं, बदल डिस्कवर लिहिण्याची संमती वेगळी, आणि काहीही खोडलं जाणार नसेल तेव्हाची संमती आणखी वेगळी. चारही भरा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

कोऱ्या डिस्कवर यातला कुठलाही अडथळा येणं शक्यच नव्हतं. व्हर्च्युअल मशीनमधली चाचणी हजार वेळा चालवली असती तरी पास झाली असती, कारण विचारण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

मग मी चाचणीची डिस्कच बदलली, आणि या सगळ्या खटाटोपातला मला खरोखर अभिमान वाटावा असा भाग हाच. क्यूईएमयू मध्ये साध्या बायोस पद्धतीने, एलव्हीएमसकट जुनी सिस्टीम मुद्दाम टाकली. ती क्यूकाऊ२ फाइल (क्यूईएमयूची डिस्क जिच्यात साठते ती) कायमची बाजूला ठेवली आणि फक्त वाचण्याजोगी केली. दर चाचणीला तिच्यावर आधारलेली, फक्त बदल साठवणारी नवी ओव्हरले फाइल बनवायची, ओव्हीएमएफने बूट करायचं, प्रीसीड चालवायचं आणि ओव्हरले फेकून द्यायची. मूळ डिस्क जशीच्या तशी राहते. पहिल्याच फेरीत तो यूईएफआयचा प्रश्न माझ्या टेबलावरच्या खिडकीत उगवला, तेव्हा झालेला आनंद सांगता येणार नाही. रॅकपर्यंत न जाता, फर्मवेअरची वाट न बघता तोच अडथळा समोर! त्यानंतर दोन डिस्कवर जुनी रेड असलेली जोडीही तशीच करून ठेवली. आता कुठल्याही खऱ्या मशीनवर नवीन काही अडलं, की त्या डिस्कची नक्कल या संग्रहात जाते.

प्रश्नाचं नेमकं नाव शोधायला स्क्रीनवरचं वाक्य गुगलत बसू नका. बूटच्या ओळीत 'डेबकॉन्फ-डीबग' ५ वर ठेवा (मूळ नावात मोठी अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोर). मग विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न त्याच्या नावासकट सिस्लॉगमध्ये, म्हणजे इन्स्टॉलरच्या नोंदींत, उतरतो. आल्ट आणि एफ४ दाबलं की चालू लॉग दिसतो, आल्ट आणि एफ२ वर शेल मिळतं. लॉगमधल्या शेवटच्या 'इनपुट'च्या ओळीतलं नाव उचलायचं आणि उत्तर फाइलमध्ये भरायचं.

चाचणीला वेळेची मर्यादा हवीच. थांबलेला इन्स्टॉलर स्वतःहून कधीच 'नापास' म्हणत नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये ठरावीक वेळ उलटली की क्यूईएमयू च्या मॉनिटरला 'स्क्रीनडंप' कमांड जाते, पडद्याचं चित्र साठवलं जातं आणि मशीन बंद होतं. सकाळी आलं की चित्र उघडायचं, कुठे अडलं ते लगेच कळतं. क्यूईएमयू ला 'नो-रीबूट' पर्यायही द्या. नाहीतर इन्स्टॉलेशन संपून मशीन पुन्हा इन्स्टॉलरमध्येच शिरतं आणि आत्ताच टाकलेली सिस्टीम पुसायला घेतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: फाइल नेटवर्कवरून देत असाल तर भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न फाइल हातात यायच्या आधीच येतात. बूटच्या ओळीत 'ऑटो' ट्रू केलं की ते फाइल मिळेपर्यंत लांबतात. नेटवर्कची उत्तरं मात्र बूटच्या ओळीतच द्यावी लागतात. क्यूईएमयू च्या साध्या युजर नेटवर्कमध्ये आतल्या मशीनला यजमान १०.०.२.२ वर दिसतो, त्यामुळे पायथनचा छोटा वेब सर्व्हर सुरू करून तिथून फाइल देता येते.

डिस्कचं नावही ठोकून लिहू नका, ते डिस्क जोडण्याच्या पद्धतीनुसार बदलतं. व्हिर्टिओवर ती व्हीडीए असते, साटावर एसडीए, एनव्हीएमईवर नावाची तऱ्हाच निराळी. क्यूईएमयू एनव्हीएमई डिस्कही भासवू शकतं, एक फेरी तशी करा. 'पार्टमन' या पार्टिशन करणाऱ्या भागाची अर्ली कमांड, म्हणजे त्याच्या आधी चालणारी कमांड, वापरून 'लिस्ट-डिव्हायसेस'ने पहिली डिस्क शोधून भरता येते. फक्त पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करत असाल तर 'पहिली डिस्क' म्हणजे तो पेनड्राइव्ह निघणार नाही ना, ते बघा.

शेवटी चालणाऱ्या लेट कमांडमध्ये एकामागून एक कमांड अर्धविरामाने जोडलेल्या असतील, तर निकाल फक्त शेवटच्या कमांडचा धरला जातो. मधली एसएसएच की (दुरून लॉगिन करायची किल्ली) कॉपी झालीच नाही तरी इन्स्टॉलर हूं की चूं करत नाही. दोन अँपरसँडनी जोडा, म्हणजे चूक तिथल्या तिथे दिसेल. आणि म्हणूनच इन्स्टॉलेशन संपलं की चाचणी संपली असं धरू नका. नवी सिस्टीम बूट करून स्क्रिप्टने तिच्यात एसएसएचने शिरलं पाहिजे.

रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स वापरत असाल तर किकस्टार्ट (तिथलं प्रीसीड) फाइलसाठी 'केएस-व्हॅलिडेटर' आहे, पण पॅकेजेस, प्री आणि पोस्ट हे विभाग तोही तपासत नाही. उबुंटू सर्व्हरच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये कर्नलच्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द नसेल, तर क्लाउड-इनिटकडून (सुरुवातीची मांडणी करणाऱ्या साधनाकडून) फाइल मिळूनही डिस्कला हात लावण्याआधी इन्स्टॉलर एकदा खात्री करून घेतो. तिथे 'का थांबलंय' म्हणून शोधत असाल तर आधी हे बघा.

खऱ्या मशीन्सना हात लावण्याआधी एवढं नक्की करा: नेटवर्क बूटच्या मेन्यूचा डिफॉल्ट पर्याय 'लोकल डिस्क' ठेवा, आणि ज्या मशीनवर टाकायचंय त्याच्याच नेटवर्क कार्डाच्या मॅक अ‍ॅड्रेसपुरता इन्स्टॉलर सुरू करा. सगळी उत्तरं भरलेलं प्रीसीड आता कोणालाही काहीही न विचारता डिस्क पुसतं.