पिवळं पाणी आलं म्हणून सिस्टच, असं नाही

सोलापुरात जबडा सुजला की पहिली भीती तंबाखूच्या कॅन्सरची. तो बहुतेक वेळा तोंडाच्या आवरणावर चट्टा किंवा न भरणारी जखम म्हणून सुरू होतो. हाडाच्या आत न दुखता वाढणारी पोकळी हे वेगळं प्रकरण. ओपीजीवर, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेवर, पांढऱ्या रेघेचा काळा गोल दिसला की ‘डेंटल सिस्ट’, म्हणजे दातापासून झालेली पाण्याची पिशवी, असं लिहून मोकळं व्हायची घाई होते.

आधी दात जिवंत आहे का ते पाहा. मुळाच्या टोकाची सिस्ट मेलेल्या दातालाच होते. जिवंत दाताला रूट कॅनाल करून ती पोकळी भरायची नाही.

खरी फसगत अडकलेल्या दाताभोवती. अशा दाताची नेहमीची सिस्ट, डेंटिजेरस सिस्ट, दाताच्या मानेला (माथा आणि मूळ जुळतात तिथं) धरून असते. किशोरवयीन मुलीच्या वरच्या सुळ्याभोवतीची पोकळी मुळाकडे उतरली असेल, आत खसखशीसारखे पांढरे ठिपके असतील, तर अडेनोमॅटॉइड ट्यूमर ही सौम्य गाठ मनात आणा. तो सहसा अख्खा निघतो आणि क्वचितच परततो. खालच्या अक्कलदाढेपाशी मात्र शेजारच्या दाढेची मुळं सुरीनं कापल्यासारखी झिजली असतील, हाड गालाकडे आणि जिभेकडेही फुगलं असेल, तर संशय युनिसिस्टिक अमिलोब्लास्टोमाचा, म्हणजे सिस्टसारख्या दिसणाऱ्या गाठीचा. केराटोसिस्ट ही आत केराटिनचा गाळ साठणारी सिस्ट फारशी फुगत नाही, हाडाच्या लांबीनं पसरते.

पोकळीतलं पाणी १८ गेजच्या जाड सुईनं ओढल्यावर घट्ट पांढरट गाळ आला तर केराटोसिस्टची शक्यता. ताजं लाल रक्त जोरात आलं तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, तिथंच थांबा; बायोप्सी नको, दात काढणं तर नकोच. पिवळं पाणी आलं तरी निर्धास्त होऊ नका, अमिलोब्लास्टोमातूनही तेच येतं.

बायोप्सीचा तुकडा पिशवीच्या जाड भागातून घ्या, एकाच पातळ जागेचा नको. अस्तर जागोजागी बदलतं. तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये घालून ओपीजीसह पाठवा. चित्राशिवाय पॅथॉलॉजिस्ट अर्धा आंधळा. दात काढल्यावर पिशवी बादलीत टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अमिलोब्लास्टोमाच्या पेशी पोकळीच्या आतच असतील तर ती सोलून काढून भागू शकतं. भिंतीत शिरल्या असतील तर बहुधा हाडाचा काठही काढावा लागतो. नंतर कित्येक वर्षं ओपीजी चुकवायचा नाही.

खालच्या जबड्याचा खालचा काठ पातळ झाला असेल तर जबडा चावतानाही मोडू शकतो. तेव्हा कडक भाकरी बंद. आमटीत चुरून मऊ झालेलीच खायची.