कॅम्परची नोंद: सात टायर, सात जन्मतारखा

जुन्या मिनीबसचा कॅम्पर, म्हणजे फिरतं घर, होतोय: आतलं सुतारकाम संपलं, पाण्याची टाकी बसली, सोलरचं वायरिंगही झालं. दिवाळीनंतर गगनबावड्यावरून करूळ घाटाने कोकणात उतरायचा बेत आहे, म्हणून या खेपेला फक्त टायर हाती घेतले. गाडीला पुढे दोन, मागे जोडीचे चार आणि एक स्टेपनी. सातही टायरांची नक्षी भरपूर शिल्लक आहे, आणि कॅम्परवाल्यांची फसगत नेमकी इथेच होते. मालवाहू गाडीचा टायर पळून झिजतो आणि वेळेत बदलला जातो. आपला टायर महिनोन्महिने एकाच जागी उभा असतो, नक्षी तशीच राहते आणि रबर मात्र आतून कडक होत जातं. ऑक्सिजन बाहेरून शिरतो तसा आतल्या दाबाच्या हवेतूनही शिरतो, उष्णतेने हे काम वेगाने होतं. ओझोनमुळे ताणलेल्या रबराला बारीक भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणून कंपन्या रबरात मेण मिसळतात. टायर फिरताना वाकतो तसं ते पृष्ठभागावर येत राहतं, पण उभ्या गाडीत ते येणं मंदावतं. म्हणून मी नक्षीआधी तारीख बघतो.

सुरुवात धुण्यापासून केली. घाटातली तांबडी माती अक्षरांत घट्ट बसलेली असते. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. डिझेल किंवा चकाकी आणणारी तेलकट पॉलिशं टायरवर अजिबात वापरू नका, संरक्षण करणारं तेच मेण ती धुऊन नेतात. टायर सुकल्यावर पांढरा खडू आडवा फिरवायचा आणि बॅटरीचा उजेड तिरका टाकायचा, की अक्षरं उठून दिसतात.

शोधायचा तो 'डॉट' (DOT, अमेरिकी परिवहन खात्याची खूण) नंतरचा अक्षर-आकड्यांचा क्रम. त्यातले शेवटचे चार आकडे महत्त्वाचे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांवर ३४१९ आहे, म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा, ऑगस्ट महिना. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा समजा, तो कितीही चांगला दिसला तरी गाडीखाली नको. आपल्याकडच्या काही टायरांवर 'डॉट' नसतं, नुसता आठवडा-वर्षाचा शिक्का असतो, तोही तसाच वाचायचा.

एक अडचण सर्वांनाच येते. पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, दुसऱ्या बाजूला तारखेविना अर्धाच असू शकतो. जोडीतल्या आतल्या टायरची तारखेची बाजू आत वळलेली असेल, तर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली आणि मागची चाकं उतरवूनच घेतली. तिथले मामा म्हणाले, "मालक, गोटी (म्हणजे नक्षी) झकास हाय की, कशाला काढताय?" पण डाव्या बाजूचा आतला टायर खाली ठेवल्यावर तेच आधी वाकले. खांद्यालगत नक्षी आणि जुनं रबर यांच्यामध्ये सरळ सांधा होता. रिमोल्ड! नक्षी नवी, पण बाजूच्या भिंतीवर तारीख १९१४, म्हणजे मे २०१४. रिमोल्डमध्ये बदलते ती फक्त वरची नक्षी. आतला सांगाडा, तारा आणि कडा जुन्याच राहतात, त्यामुळे वय सांगाड्याचंच धरायचं. रोज पळणाऱ्या ट्रकला चांगल्या सांगाड्यावरचं रिमोल्ड परवडतं, त्याला माझा विरोध नाही. पण वर्षातला बराच काळ भरल्या वजनाने उभ्या राहणाऱ्या गाडीत इतका जुना सांगाडा मी ठेवणार नाही. तो टायर तिथेच बाद केला.

मागचे बाकीचे तीन २०२१ मधले, एकाच आठवड्यातले. तरी त्यांच्यात फरक दिसला. गाडी कळंब्याला उघड्यावर उभी असते आणि तिची उजवी बाजू पश्चिमेला येते. त्या बाजूच्या बाहेरच्या टायरच्या भिंतीवर जाळीसारख्या भेगा आल्यात, आतला मात्र स्वच्छ. तारीख तीच, फरक फक्त उन्हाचा. भेगा अजून वरवरच्या आहेत, नखाची कड अडकत नाही. तरी त्या बाजूला ताडपत्रीचा पडदा आणि चाकाखाली जाड फळी, हे काम लगेच केलं. स्टेपनी २०१६ ची निघाली. कधी जमिनीला न लागलेली, सगळ्यात काळीभोर, आणि वयाने बाद.

किती वय चालवायचं? मिशेलिनसारख्या कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी सांगतात आणि दहा वर्षं ही शेवटची हद्द मानतात. माझी स्वतःची रेघ सात वर्षांवर आहे, पुढच्या चाकांसाठी त्याहून कडक. घाटाच्या उतारावर पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. म्हणून २०१९ चे दोन्ही पुढचे टायरही जाणार.

आता मूळ. एका टायरवर गोलात 'ई४' आहे, त्यावरून तो हॉलंडचा असल्याचं मला विकणाऱ्याने सांगितलं होतं. तो आकडा टायर कुठे बनला ते सांगत नाही, मंजुरी कोणत्या देशाने दिली ते सांगतो. ई१ जर्मनी, ई२ फ्रान्स, ई४ नेदरलँड्स. कारखाना कळतो 'डॉट'नंतरच्या पहिल्या दोन अक्षरांवरून, नव्या टायरांत तीन. आणि 'मेड इन' वेगळं लिहिलेलं असतं. ब्रँड परदेशी म्हणून टायर परदेशी ठरत नाही. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरला. एमआरएफ तर आपल्या शेजारी, गोव्यात फोंड्याजवळ उसगावला टायर बनवते.

यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे आयएसआय शिक्का. मालवाहू आणि बसच्या टायरांना आयएस १५६३६, कारच्या टायरांना आयएस १५६३३. सोबत 'सीएम/एल' हा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला की परवानाधारक कोण ते समोर येतं. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आहेत. त्यानंतरची तारीख, परदेशी नाव आणि आयएसआय शिक्का नाही, असा स्वस्त टायर कोणी दाखवला तर मी हात लावत नाही.

नवे चार टायर सांगितलेत: दोन पुढे, एक मागे, एक स्टेपनीला. ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) नवेच, जुनी ट्यूब नव्या टायरात नको. विक्रेत्याला दोन अटी घातल्या. तारीख सहा महिन्यांच्या आतली हवी, आणि चारही टायरांचे पूर्ण क्रमांक बिलावर लिहायचे. बसवताना तारखेची बाजू बाहेर घेणार, मागच्या आतल्या टायरचीसुद्धा, आणि फोटो काढूनच चाक चढवणार.

टायर आले की टाकी भरून, सामान ठेवून शिरोलीच्या वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलायचा आहे. टायरवर १२२/११८ हा भारांक (किती वजन पेलेल ते सांगणारा आकडा) असेल तर एकट्या चाकाला १५०० किलो आणि जोडीत प्रत्येकी १३२० किलो ही कमाल मर्यादा, तीही कंपनीने सांगितलेली पूर्ण हवा असताना. त्या काट्याच्या आकड्यांवरूनच हवा किती भरायची ते ठरवेन.