फ्लोरेन्स की व्हेनिस: एकच निवडायचं असेल तर

रोमनंतर चार रात्री उरल्या आहेत आणि एकच शहर होणार आहे, तर फ्लोरेन्स घ्या. व्हेनिस घ्यायचं तर बेटावर सलग दोन रात्री मुक्काम, एका हाताने उचलता येईल एवढंच सामान आणि धडधाकट गुडघे, या तिन्ही गोष्टी हव्यात. यातली एक जरी नसेल तरी व्हेनिस पुढच्या खेपेला ठेवा.

इतकं तोडून सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे मिळणारे सल्ले. ग्रुप टूरच्या कार्यक्रमात व्हेनिस अर्ध्या दिवसात उरकलेलं असतं. स्वतः बुकिंग करणाऱ्याला सगळे सांगतात, "मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहा, निम्म्यात पडतं." दोन्ही सल्ले ऐकले की माणूस सकाळी दहा ते दुपारी चार याच वेळात बेटावर असतो, आणि व्हेनिसची सगळ्यांत वाईट वेळ तीच. रियाल्टो पुलाकडून सान मार्कोच्या मुख्य चौकाकडे जाणाऱ्या गल्ल्यांत तेव्हा माणूस चालत नाही, ढकलला जातो. तेच शहर सकाळी साडेसहाला किंवा रात्री नऊनंतर पाहिलं तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. गल्ल्या रिकाम्या, पाण्याचा आवाज येतो, सान मार्कोच्या चौकात आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो. पैसे मोजायचे ते या दोन वेळांसाठी. त्या मिळणार नसतील तर व्हेनिसला गेल्याचा फक्त फोटो होतो.

आता सामानाचं. हे कोणीच धड सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळपास सगळ्यांना पायऱ्या आहेत. सांता लुचिया स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल, म्हणजे शहराचा मुख्य कालवा. हॉटेल नकाशावर "स्टेशनपासून 900 मीटर" दिसतं, पण मध्ये चार-पाच पूल येतात. प्रत्येक पुलावर बॅग उचलून चढायचं, वरून उतरायचं, दोनशे पावलं चाललं की पुढचा पूल. विमानात चालणारी 23 किलोची बॅग इथे घेऊन येणं म्हणजे दादरचा पूल गर्दीच्या वेळी पाच वेळा चढणं. स्टेशनसमोरचा स्काल्झी पूल उंच आहे. बसतळाकडून, म्हणजे प्याझ्झाले रोमाकडून, स्टेशनकडे येणारा 2008 साली उघडलेला नवा पूल दिसायला सुंदर आहे, पण त्याच्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या नाहीत. पाय अंदाजाने टाकला की चुकतो, आणि पावसात घसरतो. सामान हातात असेल तर या पुलावर जाऊच नका.

यावर उपाय आहेत. हॉटेल बुक करण्यापूर्वीच हॉटेलला तीन प्रश्न विचारा: जवळचा बोटीचा थांबा कोणता, तिथून दारापर्यंत पूल किती, आणि इमारतीत लिफ्ट आहे का. "शून्य पूल" असं उत्तर देणारी हॉटेलं आहेत, ती शोधावी लागतात. दुसरं, पत्त्याच्या भरवशावर राहू नका. शहराचे सहा भाग आहेत आणि घरक्रमांक रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या भागाला एकच चढता क्रम आहे. "कास्तेल्लो" हे भागाचं नाव आणि पुढे चार आकडी संख्या एवढाच पत्ता हातात असेल तर शेजारचा दुकानदारही दार दाखवू शकत नाही. गल्लीचं नाव मागून घ्या. अरुंद गल्ल्यांत फोनवरचा निळा ठिपका भलतीकडेच उड्या मारतो. भिंतींवर रियाल्टो, सान मार्को आणि स्टेशनकडे (तिथे "फेरोव्हिया" लिहिलेलं असतं) नेणाऱ्या पिवळ्या पाट्या आहेत, त्या फोनपेक्षा खात्रीच्या. तिसरं, मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या सामानघरात ठेवून दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्या. पैसे जातात, कंबर वाचते.

चाकांच्या बॅगा आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट, घ्यावीच लागते. एका फेरीचं तिकीट 9.50 युरो आणि ते 75 मिनिटं चालतं. चौघांचं कुटुंब एकदा चढलं की 38 युरो गेले. पास 24 तासांचा 25, 48 तासांचा 35 आणि 72 तासांचा 45 युरो (हे 2025 चे दर). म्हणजे 24 तासांचा पास निदान तीन फेऱ्या, 48 चा चार आणि 72 चा पाच फेऱ्या होणार असतील तरच परवडतो. वय 6 ते 29 असेल तर 6 युरोंचं रोलिंग व्हेनिस कार्ड काढून 72 तासांचा पास 27 युरोंत मिळतो. मुलं सोबत असलेल्यांनी हे विसरू नये, तिकीट खिडकीवरचा माणूस आपणहून सांगत नाही. पास दर वेळी धक्क्यावरच्या यंत्राला लावायचा. पास असूनही न लावता पकडले गेलात तर दंड भरावा लागतो.

1 क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉलवर जवळजवळ प्रत्येक थांबा घेते, सान मार्कोला पोहोचायला पाऊण तास लागतो. 2 क्रमांकाची लवकर जाते. 1 क्रमांकाची बोट प्याझ्झाले रोमाहून सुटते, त्यामुळे तिथे चढलात तर बसायला जागा मिळते; पुढच्याच थांब्यावर, म्हणजे स्टेशनला, ती भरलेली येते. 4.1 आणि 4.2, 5.1 आणि 5.2 या जोड्या एकाच वर्तुळावर उलट्या दिशांनी फिरतात. चुकीची धरली तर शहराला प्रदक्षिणा होते.

गोंडोल्याचा दर महापालिकेने ठरवलेला आहे: दिवसा 30 मिनिटांचे 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांचे 110. हा दर अख्ख्या नावेचा आहे, माणशी नाही, आणि नावेत पाच जण बसतात. चढण्यापूर्वी वेळ आणि रक्कम दोन्ही स्पष्ट बोलून घ्या. केवळ गोंडोल्यात बसल्याचं समाधान हवं असेल तर "त्रागेत्तो" धरा. ती ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारी साधी गोंडोला, भाडं 2 युरो. रियाल्टोच्या बाजारापासून समोरच्या सांता सोफियाला जाणारी सोयीची आहे. हॉटेलातून "मुरानोची बोट फुकट" अशी काचकामाच्या मुरानो बेटाची ऑफर आली तर नम्रपणे नको म्हणा. ती बोट थेट काचेच्या दुकानात नेते आणि तिथून काही न घेता निघणं अवघड करून ठेवलेलं असतं. फोन्दामेन्ते नोव्हे या थांब्यावरून 4.1 किंवा 4.2 पकडून स्वतः जा.

एका दिवसासाठी येणाऱ्यांना एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे. आधी भरलं तर 5 युरो, शेवटच्या तीन दिवसांत 10. सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत तपासणी होते. मुक्कामी असाल तर माफ, पण माफीचा क्यूआर कोड स्वतः काढून ठेवावा लागतो. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनाही माफी आहे. मेस्त्रेच्या बाजूने एवढं एकच बोलता येईल, आणि स्टेशनसमोर लिफ्ट असलेली हॉटेलं मिळतात हे. ज्यांना बॅगा हलवणं अजिबात शक्य नाही त्यांनी खुशाल तिथे राहावं. रेल्वेने दहा-बारा मिनिटं लागतात. बाकीच्यांनी वाचणाऱ्या पैशांच्या मोहात पडू नये.

जेवणाच्या बिलात फसगत होते ती वजनाच्या भावात. मासळीपुढे "7 युरो" दिसतं, शेजारी बारीक अक्षरांत "एत्तो" किंवा "hg" असतं. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. वेटर 800 ग्रॅमचा मासा ताटात आणून दाखवतो, तुम्ही मान हलवता, आणि 56 युरो लागतात. मासा दाखवला की लगेच "क्वान्तो पेझा?", म्हणजे वजन किती, हे विचारा आणि एकूण रक्कम बोलून घ्या. फ्लोरेन्सच्या प्रसिद्ध बिस्तेक्कालाही, म्हणजे गोमांसाच्या जाड तुकड्यालाही, भाव किलोवर असतो आणि एका तुकड्याचं वजन किलोच्या आसपास भरतं. "कोपेर्तो" हा माणशी बसण्याचा आकार दोन्ही शहरांत लागतो, मेनूवर लिहिलेला असेल तर तो कायदेशीर आहे. त्यावरून भांडू नका. सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद वाजवणाऱ्या कॅफेत बसलात तर संगीताचा आकार वेगळा. कॉफी उभ्याने काउंटरवर घ्या, टेबलावर बसलं की तीच कॉफी कितीतरी महाग होते.

शाकाहारी माणसाला फ्लोरेन्स सोपं जातं. पावाचं आणि टोमॅटोचं पाप्पा अल पोमोदोरो, भाज्या-पावाचं रिबोल्लिता, टोमॅटोतल्या पांढऱ्या घेवड्याचं फाजोली अल्लुच्चेल्लेत्तो, ही तिथली रोजची जेवणं आहेत. फक्त "सेन्झा ब्रोदो दी कार्ने?", म्हणजे मांसाचं पाणी नाही ना, एवढं विचारून घ्या. गाड्यांवर मिळणारा लाम्प्रेदोत्तोचा पाव गाईच्या जठराचा असतो, बीफ न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. व्हेनिस माशांचं शहर आहे आणि मासा लपून येतो. बिगोली इन साल्सा हा पदार्थ नावावरून साधा सॉसमधला पास्ता वाटतो, पण तो सॉस कांदा आणि खारवलेल्या अँचोव्ही माशांचा. रिसोत्तोही बऱ्याचदा माशांच्या पाण्यात शिजवलेला. अंडं चालत नसेल तर ताजा पास्ता दोन्हीकडे टाळा, सुका मागा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, असतं, कडक शाकाहारी असाल तर वरून भुरभुरायला नको म्हणून आधीच सांगा.

फ्लोरेन्सला सामानाचा त्रास नाही. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून दुओमोपर्यंत, म्हणजे मुख्य चर्चपर्यंत, चालत दहा मिनिटं, रस्ता फरसबंद पण सपाट. विमानतळावरून ट्राम 1.70 युरोंत वीसेक मिनिटांत गावात आणते. जुन्या इमारतींत हॉटेल तिसऱ्या मजल्यावर असतं, तेव्हा लिफ्टचं मात्र इथेही विचारा.

फ्लोरेन्समध्ये चुकतात ते वार. उफ्फिझी आणि अकादेमिया, दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. रविवारी दुओमोचं अंतरंग पर्यटकांना बंद. शनिवारी संध्याकाळी पोहोचून सोमवारी रात्री निघणाऱ्या माणसाला संग्रहालयांसाठी फक्त रविवार आणि दुओमो आतून पाहायला फक्त सोमवार मिळतो. मंगळवार ते शनिवार यांतले दिवस धरा. रविवार-सोमवार फ्लोरेन्समध्येच पडत असतील तर ते जवळच्या लुक्का किंवा सिएना या गावांना द्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी उफ्फिझी फुकट असतं, पण आगाऊ वेळ मिळत नाही आणि रांग नदीकाठापर्यंत जाते. फुकटचा मोह नको. तिकीट उफ्फिझीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या: 25 युरो आणि आगाऊ वेळेचे 4. शोध घेतला की वर दिसणारी बरीच संकेतस्थळं मध्यस्थांची असतात, तेच तिकीट ती दीडपट-दुपटीने विकतात.

दुओमोच्या घुमटाबद्दल स्पष्ट सांगतो. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि मधून परत फिरायला जागा नाही. वास्तुशिल्पी ब्रुनेल्लेस्कीने 1420 ते 1436 या काळात घुमटाची दोन कवचं एकात एक बांधली आणि शेवटचा जिना या दोन कवचांच्या मधून जातो. भिंत डोक्याकडे कलत येते, खांदे दोन्हीकडे घासतात, आणि समोरून उतरणारी माणसं आली की कोपऱ्यात अंग चोरून उभं राहावं लागतं. बंद जागेची धास्ती, रक्तदाब किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर जाऊ नका. तिकीट 30 युरोंच्या ब्रुनेल्लेस्की पासमध्येच येतं आणि वेळ ठरवून घ्यावी लागते. उशीर झाला तर वेळ बदलून मिळत नाही. पाठीवरच्या मोठ्या बॅगा आत चालत नाहीत. शेजारच्या घंटाघराच्या 414 पायऱ्या चढायला सोप्या आहेत, कारण मध्ये थांबायला मजले आहेत. शिवाय घंटाघरावरून घुमट दिसतो, घुमटावरून घुमट दिसत नाही. एकच करायचं असेल तर घंटाघर करा.

भाड्याची गाडी घेऊन फ्लोरेन्सच्या जुन्या भागात शिरू नका. कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येते, गाडीवाली कंपनी तिचा वेगळा आकार कार्डावर लावते ते निराळंच. उफ्फिझीजवळ जमिनीवर चित्रं पसरलेली असतात. खाली बघून चाला, पाय पडला की "नुकसान" भरून मागतात. पदपथावरची नकली ब्रँडची पर्स घेऊ नका, इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.

हवामानाचं थोडक्यात: जुलै-ऑगस्टमध्ये फ्लोरेन्स तापतं, पारा 35 च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर फिरवत नाही. व्हेनिसला ऑक्टोबर ते जानेवारीत भरतीचं पाणी चढतं. 2020 पासून समुद्राचं पाणी अडवणारे दरवाजे आहेत, पण ते साधारण 110 सेंटिमीटरच्या अंदाजाला उचलले जातात आणि सान मार्कोचा चौक त्याहून खूप कमी पाण्यातही भिजतो. त्या दिवसांत घोट्यापर्यंत पाणी धरूनच चला, कापडी बूट नेऊ नका.

दोन्ही करायचीच असतील तर एक रात्र वाढवून फ्लोरेन्स तीन रात्री आणि व्हेनिस दोन. जलद गाडीने मध्ये सव्वादोन तास लागतात. रविवार-सोमवार व्हेनिसला टाका, तिथला दोजेचा, म्हणजे जुन्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा रोज उघडा असतो. मात्र रियाल्टोचा मासळीबाजार त्या दोन दिवशी बंद असतो आणि सान मार्को बॅसिलिका रविवारी दुपारनंतरच पाहता येते. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. "व्हेनेझिया मेस्त्रे" म्हणजे मुख्य भूमी, बेटासाठी "व्हेनेझिया सांता लुचिया" हवं. फ्लोरेन्सला "एस. एम. एन.", म्हणजे सांता मारिया नोव्हेल्ला, हवं, काही गाड्या "काम्पो दी मार्ते" किंवा "रिफ्रेदी"लाच थांबतात आणि तिथून पुढची गाडी शोधावी लागते. सगळ्यांत स्वस्त तिकीट बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, म्हणून विमानातून उतरून त्याच दिवशी पकडायच्या गाडीसाठी ते कधीच घेऊ नका.