फळ्यावरचे दहा लाख

आज ग्रामपंचायत विकास आराखड्याचं, म्हणजे गावाच्या वर्षभराच्या कामांच्या आणि खर्चाच्या नियोजनाचं, प्रशिक्षण होतं. शिकवणारी मी, आणि खरं सांगायचं तर सकाळचं सत्र साफ पडलं. 73वी घटनादुरुस्ती, अकराव्या अनुसूचीतले 29 विषय, शाश्वत विकासाच्या 9 संकल्पना... मागच्या रांगेत दोघं चक्क डुलक्या घेत होते. (त्यांची काही चूक नाही, माझ्या स्लाइडच तशा होत्या.)

शेवटी लॅपटॉप मिटला. फळ्यावर 10 लाख लिहिले आणि म्हटलं, केंद्राकडून गावाला मिळणारे पंधराव्या वित्त आयोगाचे (2021-26) पैसे आलेत असं समजा, वाटा आता.

एक सरपंचताई लगेच म्हणाल्या, "सहा लाख रस्त्याला!"

गाडी तिथंच अडली. या आयोगाचा 60 टक्के निधी बंधित होता, ठरलेल्या कामांवरच खर्चायचा. म्हणजे 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला. उरलेल्या 4 लाखांत बाकीचं गाव, आणि त्यातूनही पगार काढता येत नव्हते. मग जी जुंपली! जुनी पाइपलाइन दुरुस्त करायची की नवी टाकी, यावर पाऊण तास. ताईंनी रस्ता दीड लाखावर आणला, पण सोडला नाही. डुलक्या घेणारे दोघं तर फळ्यापाशी येऊन खडूसाठी भांडत होते.

निघताना एक ग्रामसेवक हळूच म्हणाले, "मॅडम, आमचा आराखडा गेल्या वर्षीचाच आहे. फक्त तारीख बदललीय." मी विचारलं, आराखड्याआधी गावातल्या बायकांचं म्हणणं ऐकायला घ्यायची ती महिला सभा कधी घेतली होती? ते नुसतेच हसले.

पुढच्या बॅचला स्लाइड नेणार नाही. खडूचा डबा मात्र मोठा लागेल.