आमची वाटचाल : बंब बाहेर पडल्यावर मागे काय उरतं

वर्दी येते, घंटा वाजते आणि मिनिटभरात अग्निशमन केंद्र रिकामं होतं. होज, ब्रांच (होजच्या टोकाचं पितळी तोंड), श्वसनसंच, गाडीवरचे छोटे सिलिंडर, आग विझवायचं होतं नव्हतं ते सामान बंबाबरोबर निघून जातं. मागे राहतो गॅसवरचा कुकर, चार्जिंगला लावलेली दुसरी गाडी, जनरेटरचं डिझेल, वर्दी घेणाऱ्या वॉचरूममधला एक माणूस आणि बऱ्याचदा सताड उघडं शटर. आम्ही आग विझवायची यंत्रणा बसवतो आणि सांभाळतो; आमच्या फर्मचं आजचं निम्मं काम या रिकाम्या तासाचं आहे. तिथवर आम्ही आलो ते आडवाटेनं.

सुरुवात या धंद्यातल्या बहुतेकांसारखीच, आग विझवायचे सिलिंडर भरण्यापासून. सहा किलोचा एबीसी, म्हणजे कोरड्या पावडरीचा, सिलिंडर रिकामा करायचा, पावडर चाळायची, गाठ लागली तर टाकून द्यायची, व्हॉल्व्ह खोलून ओ-रिंग बदलायची, आतली नळी फुंकून मोकळी आहे ना बघायचं, पावडर वजनावर भरायची आणि कोरड्या नायट्रोजननं १५ बारपर्यंत दाब द्यायचा. पैसे वाचवणारा वाचवतो तो नायट्रोजनवर. साध्या कॉम्प्रेसरची हवा भरली तरी गेजचा काटा हिरव्यातच उभा राहतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या हवेतली ओल पावडरीला धरते. एक पावसाळा गेला की आत ढेप बसते. काटा हिरव्यात, आणि मूठ दाबली की नुसता वारा. म्हणून तपासणीत काट्याआधी सिलिंडर उलटा करून कानाशी धरायचा. पावडर वाळूसारखी सरकली पाहिजे, धपकन पडता कामा नये. सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, बाटलीला तर गेजच नसतो, तिथं काटा खरा तो वजनकाट्याचा. रिकाम्या बाटलीचं वजन बाटलीवर ठोकलेलं असतं. साडेचार किलोच्या भरतीत ४५० ग्रॅमपेक्षा जास्त घट आली की भरायला काढायची.

२००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि धंद्याची कळाच बदलली. जबाबदारी मालक-भोगवटादारावर आली. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घेणं आलं. सिलिंडरवरून आम्ही हायड्रंट (आगीच्या पाण्याचे नळ), पंप, डिटेक्टरकडे सरकलो. फायली घेऊन अग्निशमन केंद्रांत जाणं-येणं वाढलं, आणि तिथल्याच भिंतीवरच्या सिलिंडरची मुदत कधी उलटलीय ते डोळ्यांत खुपायला लागलं. दुसऱ्याच्या इमारतीचं जिन्याचं दार मोजणाऱ्यांच्या स्वतःच्या इमारतीकडे कुणी पाहत नव्हतं. ‘आपण इथंच तर आहोत’ हा त्यामागचा समज. पण नेमकं लागेल तेव्हा ते इथं नसतात.

पहिलं काम हातात आलं ते स्वयंपाकघराचं. चोवीस तासांची पाळी म्हटल्यावर केंद्रात चूल पेटणारच. घंटा झाली की हातातला झारा टाकून माणूस पळतो, गॅसची कळ बंद करायचं लक्षात राहीलच असं नाही. यावर उपाय साधा आहे. गॅसचा सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या पेटीत, आणि नळी भिंतीतून आत येण्याआधी एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप होणारा, व्हॉल्व्ह. टर्नआउटच्या, म्हणजे वर्दीला गाडी निघायच्या, घंटेच्या रिलेवरून तो बंद होतो. व्हॉल्व्ह ‘वीज नसताना बंद’ याच जातीचा घ्यायचा. पण मग दर लोडशेडिंगला चूल विझते, आणि चार दिवसांत कुणीतरी शेजारून बायपासची नळी टाकून मोकळा होतो. म्हणून त्याला वीज द्यायची ती वॉचरूमच्या २४ व्होल्ट बॅटरीवरून.

आता यातली खरी गोम रीसेटमध्ये आहे. घंटा थांबल्यावर व्हॉल्व्ह आपोआप उघडला, तर विझलेल्या पण उघड्या बर्नरमधून कच्चा गॅस घरभर पसरतो. म्हणजे उपाय रोगापेक्षा वाईट. त्यामुळे रिले लॅचिंगचा, म्हणजे हातानं उठवेपर्यंत पडलेलाच राहणारा, आणि पुन्हा चालू करायचं बटण चुलीशेजारी. वॉचरूममध्ये ते बटण कधीही द्यायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. बटण दाबणाऱ्याला शेगडीच्या कळा दिसल्या पाहिजेत. गॅस बंद झाला तरी कढईतलं तेल तापलेलंच राहतं, हेही ध्यानात ठेवावं. बटणाखालीच एक फायर ब्लँकेट टांगतो आणि दाराबाहेर सहा किलोचा एबीसी. आत नाही. आत लावला तर आगीतून हात घालून काढावा लागेल.

दुसरी जागा गाडीखान्याची. बंबाची बॅटरी २४ व्होल्टची, बारा-बाराच्या दोन. गाडी दिवस दिवस उभी राहते, वायरलेस आणि दिवे हळूहळू खात असतात, म्हणून चार्जर कायम लावलेला. नेहमीचं दृश्य असं : एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर, त्यातून चार्जर, चार्जरमधून मगरचिमटे बॅटरीच्या टर्मिनलवर, आणि शेजारी गाडी धुतलेलं पाणी. चिमटा सैल असला की ठिणगी उडते. चार्जर जुन्या पद्धतीचा, विजेचा दाब न आवरणारा असला की बॅटरी उकळून हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की पेट घ्यायला तीच ठिणगी पुरे. आम्ही फ्लोट चार्जर (दाब ठरावीक ठेवणारा) २७.२ ते २७.६ व्होल्टवर बांधतो. वायर छतावरून खाली सोडतो, सॉकेट डोक्याच्या उंचीवर आणि पाण्याला दाद न देणारं. गाडीकडचा प्लग स्टार्टर मारताच आपोआप उडून बाहेर येणारा. चिमटे ओढत रस्त्यावर निघालेला बंब हा विनोद वाटतो, पण बघायला मिळतो.

या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच, कारण फरशी ओली असते. पण तो रात्री अकराला पडला तर कुणाला कळत नाही, आणि पहाटेच्या वर्दीला स्टार्टर नुसता कुंथतो. माणूस वाचवायला बसवलेली वस्तू गाडी अडवते. तोड म्हणून बॅटरीवर व्होल्टेज रिले बसवायचा : दहा मिनिटं २५ व्होल्टच्या खाली राहिलं की वॉचरूममध्ये बझर. काही शे रुपयांची वस्तू, पण निविदेच्या यादीत ती नसते. आम्ही आमच्या खिशातून घालतो आणि देखभालीच्या दरात वसूल करतो.

एअर ब्रेकच्या गाड्यांचं आणखी एक. रात्रभरात टाकीतली हवा गळते आणि दाब भरेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत. म्हणून पहाटे शटर लावूनच इंजिन चालू ठेवायची सवय लागते. तो धूर वरच्या झोपायच्या खोलीत जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि अग्निशामकाचं कामच २०२२ मध्ये कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. धूर ओढून घेणारे मोठे होज-रीळ नगरपरिषदेला परवडत नाहीत, ठीक आहे. पण छोटा कॉम्प्रेसर आणि गाडीला जोडायची हवेची नळी परवडते, आणि मग इंजिन चालवावं लागतच नाही. सोबत गाडीखाना आणि खोल्यांमधल्या दाराला क्लोजर (दार आपोआप लावणारा) आणि रबरी पट्टी. त्या दाराखाली विटेचा तुकडा दिसला की समजायचं, क्लोजर जास्त कडक बसवलाय. दोष आमचा.

श्वसनसंचाच्या कॉम्प्रेसरची हवा घ्यायची नळीही याच हिशेबात येते. ६.८ लिटरची बाटली ३०० बारला भरली की साधारण दोन हजार लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर पन्नास मिनिटं, पण ५५ बारच्या आसपास शिट्टी वाजते, म्हणजे कामाचे चाळीसच. त्या हवेत बंबाचा धूर शिरला तर तो माणूस तोच धूर मास्कमधून पितो. कोळशाचा फिल्टर वास मारतो, म्हणून हवा शुद्ध वाटते. पण कार्बन मोनॉक्साइड कोळशाला जुमानत नाही. म्हणून नळीचं तोंड गाडीखान्याकडे किंवा जनरेटरकडे नको, छपरावर न्यायचं. हा बदल पीव्हीसी पाइपच्या किमतीत होतो आणि सगळ्यात जास्त टाळला जातो.

डिटेक्टर बसवताना आमच्याही चुका झाल्या आहेत. गाडीखान्यात धुराचा डिटेक्टर म्हणजे दर टर्नआउटला खोटा गजर. तापमान वाढीच्या वेगावर चालणाराही तिथं टिकत नाही, कारण तापलेली गाडी आत आली की तो बोंबलतो. ठरावीक तापमानाचा उष्णता डिटेक्टर हवा, आणि तोही जागा बघून. ए-२ वर्गाचा ५४ ते ७० अंशांत बोलतो, पण तो ५० अंशांपर्यंतच्या जागेसाठी असतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली हात घालून बघा! तिथं ६९ ते ८५ अंशांचा बी वर्गच. खोल्या, वॉचरूम, भांडार इथं मात्र धुराचेच लावायचे, आणि रंगकाम झाल्यावर प्लॅस्टिकची टोपी काढायची आठवण ठेवायची. टोपीसकट वर्षभर टांगलेले डिटेक्टर पॅनेलवर अगदी निरोगी दिसतात. उदबत्ती धरून चाचणी करू नये, तिचा तेलकट धूर आतल्या जाळीला चिकटून बसतो.

शटर हा सगळ्यात नाठाळ नग. मोटर आली की हाताची साखळी वर गुंडाळून ठेवतात, आणि वीज गेली की ती सोडायला शिडी शोधावी लागते. साखळी खालीच, हुकात. गाडी गेल्यावर शटर आपोआप बंद व्हावं म्हणून टायमर आणि फोटोसेल (वाटेतला अडथळा किरणानं ओळखणारा) लावतात. कारखान्याच्या सवयीनं फोटोसेल गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवला जातो. गाडी दारात थांबली तर तो किरण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधून आरपार जातो. सेलला दार मोकळं दिसतं, आणि शटर गाडीच्या टपावर उतरतं. दोन सेल लावावेत, एक खाली माणसासाठी आणि एक दीड मीटरवर गाडीच्या अंगासाठी, आणि दोन्ही मोकळे असले तरच मोटर हलेल अशी जोडणी.

चोरीचं सांगायचं तर केंद्रातून जातं ते पितळ : ब्रांच, कपलिंग, अडॅप्टर. भंगारात त्याला लगेच भाव मिळतो. त्याखालोखाल बॅटऱ्या आणि डिझेल. कॅमेरे सगळीकडे असतात, पण रात्री ते आंधळे होतात. बंबाच्या अंगावरच्या चमकत्या पट्ट्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश थेट परत फेकतात आणि पडद्यावर पांढऱ्या डागाशिवाय काही दिसत नाही. कॅमेरा उंच आणि गाडीला तिरका लावायचा, इन्फ्रारेड बंद करायचा, आणि हलचालीवर पेटणारा पांढरा दिवा वेगळा द्यायचा. रेकॉर्डर वॉचरूमच्या टेबलाखाली नको, कुलपाच्या रॅकमध्ये हवा. पितळी सामान जाळीच्या फळीवर, प्रत्येक जागेवर वस्तूची रंगवलेली आकृती. रिकामी आकृती पाळी बदलताना चटकन दिसते, नोंदवही कुणी उघडत नाही.

पैशांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सर्वात कमी दराची निविदा, अडकलेली अनामत, ३१ मार्चची धावपळ. हिशेब बसतो तो खासगी सोसायट्यांच्या देखभालीवर.

एप्रिलमध्ये मात्र आम्ही केंद्रांची तपासणी मुद्दाम पुढे ढकलतो. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल सप्ताह पाळतात. त्याआधी केंद्राला रंग लागतो, आणि रंगारी डिटेक्टर, फोटोसेलची काच, सोलेनॉइडची वायर असं सगळं एका ब्रशात घेतो. २१ तारखेनंतर जायचं, थिनर आणि चिंधी बरोबर न्यायची.

तपासणीही आता आम्ही वेगळी करतो. केंद्र अधिकाऱ्यांना सांगून मेन स्विच पाडायचा, चूल पेटवून वर पातेलंभर पाणी ठेवायचं आणि घंटा मारायची. गाडी फाटकाबाहेर गेली की शांत उभं राहून बघायचं. चूल विझली का, प्लग उडाला का, साखळी हाती लागली का, दार लागलं का, वॉचरूमचा दिवा आणि वायरलेस चालू आहे का. मग बाहेरून अनोळखी माणसासारखं चालत आत यायचं आणि पितळी फळीपर्यंत कुणी हटकतं का ते पाहायचं. पहिल्या फेरीत बहुतेक केंद्रांत कुणीच हटकत नाही.