मांगरातली रवण

२६ मे

मांगराच्या, म्हणजे घराबाहेरच्या खोपटाच्या कोपऱ्यात, नारळाच्या सोडणांच्या ढिगाआड बसलेल्या आमच्या मस्कोव्ही बदकिणीचा आज ३४ वा दिवस. २२ एप्रिलला ती रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसली तेव्हा तिच्याखाली ११ अंडी होती. दिवसातून एकदा, क्वचित दोनदा, ती उठते, स्वतःच्या छातीची उपटलेली पिसे अंड्यांवर ओढते, दोणीतल्या पाण्यात घाईघाईने डुंबते आणि ओल्या पोटानेच परत येऊन बसते. आजवर आम्ही बदकाची अंडी कोंबडीखालीच ठेवत आलो, कारण आमची खाकी कॅम्पबेल बदके अंडी भरपूर देत, पण रवणीचे नाव काढत नसत. कोंबडी कोरडीच बसते, म्हणून शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाणी शिंपडण्याचे काम माझ्याकडे असे. यंदा ते काम उरलेले नाही आणि त्यामुळे हाताला चुकल्यासारखे होते आहे.

इतर बदकांची पिल्ले साधारण २८ दिवसांत बाहेर येतात, मस्कोव्हीला मात्र ३५ दिवस लागतात. ही जातच निराळी, मूळची अमेरिका खंडातली. शेजारच्या काकूंनी तिसाव्या दिवशीच अंडी फुकट गेल्याचे जाहीर केले होते, आणि मीही त्या रात्री बॅटरी घेऊन अंडी तपासायला निघाले होते. सासूबाईंनी दारातच अडवले. "तिका सतावू नको गो," एवढेच म्हणाल्या.

२८ मे

काल पहाटे अंड्यांतून चिवचिव ऐकू आली. बदकीण एरवी माझ्यावर नुसती फुत्कारते, पण काल ती मान खाली घालून, घशातल्या घशात, अगदी बारीक आवाजात पिल्लांना उत्तर देत होती. दुपारी एका अंड्यावर चांदणीसारखा तडा दिसला. तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत एक दिवस, कधी त्याहून जास्त वेळ जातो, आणि तो वेळ वाया जात नसतो: उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि कवचाच्या आतल्या पातळ पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या सुकतात. मध्येच कोणी मायेने टरफल सोलायला गेले तर रक्त येते. हे मला पुस्तकातून कळलेले नाही. चार वर्षांपूर्वी कोंबडीखालच्या एका अंड्यावर मी ही माया करून बसले आहे.

आज संध्याकाळपर्यंत आठ पिल्ले झाली. पिवळी, पाठीवर मळकट काळसर डाग, आणि चोचीच्या टोकावर कवच फोडणारा तो बारीक पांढरा दाणा अजून तसाच. त्यांना खायला घालण्याची मला घाई झाली होती. परंतु पोटात बलक असल्यामुळे पहिला दिवसभर त्यांचे काही अडत नाही, उलट माणसाच्या येण्याजाण्याने आई बिथरून उठली तर उरलेली अंडी गार पडतात.

२९ मे

सकाळी ती आठ पिल्लांना घेऊन उतरली. मागे तीन अंडी राहिली. दोन वांझ होती आणि तिसऱ्यावर चांदणी पडलेली होती. आतले पिल्लू मेलेले निघाले. काल रात्री त्याला थोडा हात दिला असता तर ते जगले असते का, हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. सासूबाईंना विचारले नाही.

दुपारी पाण्याची व्यवस्था केली. गेल्या वर्षी मी हौसेने घमेले भरून ठेवले होते. पिल्ले उडी मारून आत गेली, पण गुळगुळीत कडेवरून त्यांना बाहेर येता येईना, आणि दोन पिल्ले गारठून मेली. बदकाची पिल्ले बुडत नाहीत, हा आपला गोड गैरसमज आहे. यंदा मातीचा उथळ परळ घेतला, त्यात नदीतले गोटे टाकले आणि चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढेच पाणी ठेवले. नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर त्यांत कोंडा अडकतो, म्हणून याहून कमी पाणीही चालत नाही. नराला परड्यातल्या दुसऱ्या कुंपणात हलवले. तो काही करेलच असे नाही, पण त्याची परीक्षा पिल्लांवर कशाला घ्यायची?

१ जून

खाद्याचा घोळ झाला. दुकानातून आणलेल्या शेंगदाणा पेंडीला कुबट वास येत होता. सगळे पोते शेणखताच्या खड्ड्यातही न टाकता जाळले, कारण बदकाच्या पिल्लांना बुरशीचे विष कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा बदकांची पिल्लेही मेली होती, आणि शोध घेता घेता माग अशाच बुरशीच्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला; अफ्लाटॉक्सिन हे नाव त्यानंतरचे. पेंड शिजवली तरी ते विष जात नाही. आमच्याकडच्या पावसाळी हवेत पेंड टिकवणे म्हणजे मीठ कोरडे ठेवण्यासारखे आहे, म्हणून आता थोडी थोडीच आणायची असे ठरवले आहे.

नुसत्या कणीवर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकतात. त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांहून जास्त लागते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ओल्या खाद्यावर यीस्टची पूड भुरभुरते आहे. गोगलगाई आणि गांडुळे मात्र आई स्वतः दाखवते. ती चोचीने चिखल ढवळते आणि पिल्ले त्या राड्यात अक्षरशः डोके खुपसतात.

३ जून

एक पिल्लू कावळ्याने नेले. रात्रीच्या खुराड्याला मी अर्ध्या इंचाची जाळी मारली होती, घुशीसाठी तळाला चिरे बसवले होते, मुंगसाची वाट बुजवली होती. हे सगळे रात्रीसाठी. सकाळी नऊ वाजता, लख्ख उजेडात, त्यांचा फोटो काढावा म्हणून मी मोबाईल आणायला घरात गेले. बाहेर आले तेव्हा बदकीण पंख आपटत अंगणाच्या टोकापर्यंत धावून गेली होती आणि उरलेली सात पिल्ले अबोलीच्या वाफ्यात निपचित बसली होती. तिने हाक दिल्याशिवाय त्यांच्यातले एकही हलले नाही.

दुपारी अंगणाच्या एका बाजूला मासेमारीचे जुने जाळे बांधले.

८ जून

पहिला मोठा पाऊस. पिल्ले सरीत धावत सुटली, पण या वयात पाऊस झोडपू लागला की अंग भिजून ती गारठतात. मी छत्री घेऊन उतरेपर्यंत बदकिणीने चिऱ्याच्या गडग्याला पाठ लावून पंख पसरले होते आणि एकेक जण आत शिरत होता. सगळे गेले की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. सर ओसरेपर्यंत मी चार पावलांवर उभी राहिले. मग ती उठली. खालून सात जण निघाले, जवळजवळ कोरडे. परळाकडे वळण्याआधी तिने मान लांबवून माझ्याकडे पाहिले आणि पहिल्या दिवशीसारखाच फुत्कार टाकला.